गोळी का सुटली, ते आधी विचार

सावंतवाडी,
२२ जुलै

चि. मनूस,


परवा बोलता बोलता तुझी रेंज गेली आणि माझ्या जिवाला घोर लागून राहिला. इकडे पाऊस लागून राहिलाय, खालच्या कुणग्यांतली लावणी कालच आटपली. तुझ्या बाबांचा गुडघा पुन्हा धरलाय, तरी चिखलात उतरायचं सोडत नाहीत. आई बरी आहे. तुझ्यासाठी सोलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय, नंदुरबारकडे येणारं कुणी भेटलं की पाठवते. तिकडे डोंगरात थंडी लवकर पडते म्हणतात. शाल जवळ ठेव.

पण बाळा, मला घोर लागलाय तो तुझ्या एका वाक्याचा. "आत्या, इथले पेशंट ऐकतच नाहीत," म्हणालीस. आवाजात रडू नव्हतं, नुसता वैताग होता. त्याचीच मला भीती वाटते. आरोग्यसेविका म्हणून गावोगाव फिरले तेव्हा हे वाक्य मी फार ठिकाणी ऐकलं. डॉक्टर म्हणायचे, सिस्टर म्हणायच्या, औषधं देणारे म्हणायचे. आणि एकदा एखाद्याच्या नावापुढे "ऐकत नाही" लागलं, की त्याला पुढे कुणी काही विचारत नसे. तू समुपदेशक झालीस ती "का ऐकत नाही?" हा प्रश्न विचारायला.

एम.ए.ला होतीस तेव्हा रात्री पडवीत बसून मला नोट्स वाचून दाखवायचीस, आठवतं? त्यातली होखबाउम या संशोधकाची गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसलीय. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे फुकट काढत होते, गाड्या वस्तीपर्यंत न्यायचे, तरी माणसं पुरेशी यायची नाहीत. लोकांना नावं ठेवून मोकळं होणं सोपं होतं. होखबाउमने तीन शहरांतल्या हजारावर माणसांना जाऊन विचारलं. आपल्याला काही होत नसतानाही क्षय असू शकतो, आणि लवकर कळला तर फायदा होतो, या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या त्यांच्यातल्या ८२ टक्के लोकांनी आपणहून एक्स-रे काढला होता. ज्यांना दोन्ही पटल्या नव्हत्या त्यांच्यात फक्त २१ टक्के. त्यातूनच तुमचं ते आरोग्य-श्रद्धांचं प्रारूप उभं राहिलं: मला धोका आहे का, तो किती मोठा, उपायाने काय मिळेल, आणि आड काय येतंय. परीक्षेत तू हे चार मुद्दे सुंदर लिहिलेस. आता ते चार प्रश्न म्हणून समोरच्या माणसाला विचार.

कारण उत्तरं अशी येतात की पुस्तकात सापडत नाहीत. क्षयाच्या औषधातल्या रिफाम्पिसिनने लघवी लालसर-नारिंगी होते. सांगितलेलं नसलं की माणसाला वाटतं रक्त पडतंय, आणि तो गोळ्या बंद करतो. त्याने जिवाच्या भीतीने शहाणपणाच केला. दुसऱ्याला महिन्या-दोन महिन्यांत खोकला थांबून भूक लागायला लागते, मग सहा महिने कशाला खायचं असं वाटतं. तिसरा तुझ्या त्या भागातला, दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला गुजरातेत जाणारा. त्याला सगळं पटलेलं असतं, पण फडात गोळ्या कुठून मिळणार? त्याला आजार समजावत बसू नकोस. निघायच्या आधी पुढची औषधं आणि तिथल्या दवाखान्याची नोंद कशी होईल, ते क्षयरोगाच्या कर्मचाऱ्याला सोबत घेऊन बघ. पोषणासाठी सरकारचे महिना १,००० रुपये त्याच्या खात्यात येतात का, तेही विचार. तीन माणसं, तिघांच्या गोळ्या सुटल्या, कारणं मात्र तीन.

आपल्या आजीचंच घे. बीपीची गोळी ती डोकं दुखलं की घ्यायची, नाही दुखलं की डबी तशीच. आपण घरातली सगळी तिला ओरडायचो. मग तू मानसशास्त्रज्ञ लेव्हेंथलचं वाचून आलीस आणि आजीपाशी बसून विचारलंस, "आजी, बीपी वाढलं हे तुला कसं कळतं?" ती म्हणाली, "मान जड होता, तेवां कळता." तिच्या हिशेबात आजार अधूनमधून येणारा, म्हणून गोळीही अधूनमधून. लेव्हेंथल आणि त्याच्या सहकाऱ्यांना १९८५च्या अभ्यासात अमेरिकेतही हेच दिसलं होतं. रक्तदाब वाढलेला माणसाला कळत नाही हे बहुतेकांनी मान्य केलं, आणि तरी स्वतःचा मात्र आपल्याला कळतो असं त्यातल्याच बहुतेकांना वाटत होतं. तू आजीला व्याख्यान दिलं नाहीस. मान हलकी असताना यंत्र लावलंस आणि आकडा दाखवलास. मग गोळीची डबी तिच्या सकाळच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलीस. तेव्हापासून गोळी चुकत नाही. पोरी, हे तुला येतं. तिथे दिवसाला पन्नास माणसं समोर बसतात म्हणून विसरू नकोस, एवढंच सांगते.

तंबाखू आणि दारू सोडवायला बसशील तेव्हा जास्त सांभाळ. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या बायका मला सांगायच्या, लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं उठतं. त्यांना कॅन्सरची चित्रं दाखवली की त्या मान डोलवायच्या आणि घरी जाऊन डबी उघडायच्या. मानसतज्ज्ञ विल्यम मिलर नॉर्वेत गेला असताना तिथल्या तरुण मानसतज्ज्ञांनी त्याला सारखं अडवून विचारलं, पेशंटला तुम्ही हाच प्रश्न का विचारलात, दुसरा का नाही. त्या चर्चांतून त्याने १९८३ साली प्रेरक मुलाखतीची पद्धत मांडली. तिचं सार माझ्यासारखीलाही कळतं: सोडायचं आणि नाही सोडायचं, दोन्ही त्या माणसाच्या मनात असतं. आपण सोडायची बाजू लावून धरली की त्याला दुसरी बाजू लढवावी लागते, आणि आपलंच बोलणं ऐकून तो तिथे पक्का होतो. म्हणून "तुम्हाला यातलं काय आवडतं, आणि काय नको झालंय?" असं विचारून गप्प बस. सोडायचं कारण त्याच्या तोंडून येऊ दे. नातीच्या अंगाला वास लागतो म्हणून मशेरी सोडलेली बाई मी पाहिलीय. ते कारण माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

मनाच्या आजाराचं सांगायला मी लहान आहे, तुझं शिक्षण मोठं. तरी आपल्या शेजारच्या गोव्यात झालेलं काम तू सारखं डोळ्यांपुढे ठेवावंस असं वाटतं. 'संगाथ' संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांसोबत ते केलं. उपचार देणारे होते मानसोपचाराचं आधी काहीच न शिकलेले स्थानिक समुपदेशक, प्रशिक्षण देऊन तयार केलेले. सहा ते आठ बैठका. त्यांनी बालपण उकरलं नाही. उदास माणूस एकेक काम सोडत जातो, सोडल्यामुळे आणखी उदास होतो. म्हणून मन लागायची वाट न पाहता एक छोटं काम ठरवून करायचं आणि मग मन कसं होतं ते बघायचं, हा त्यांचा धागा. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आलेले दिसले, फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. आपली माणसं 'मला नैराश्य आलंय' म्हणून येतच नाहीत. हातापायाला मुंग्या, छातीत धडधड, झोप नाही, 'टेन्शन' असं म्हणत येतात. तिकडच्या पावरा बायका काय म्हणतात ते तुझ्या आशाताईला विचार आणि वहीत लिहून ठेव.

आता एक धाक घालते, रागवू नकोस. डॉ. आनंद नाडकर्णींची पुस्तकं वाचून एलिस या मानसतज्ज्ञाची विवेकनिष्ठ पद्धत तुला फार आवडायला लागली, मलाही आवडते. प्रसंग तोच असला तरी त्याबद्दलचा आपला हट्टी विचार आपल्याला जास्त छळतो, हे खरंच आहे. पण ज्याचं पीक गेलंय आणि सावकार दारात बसलाय, त्याला पहिल्याच दिवशी "तुमचा विचार अविवेकी आहे" असं सांगू नकोस. त्याचं संकट खरं आहे. आधी ते संकट म्हणून ऐकून घे, कागद कुठे अडलाय ते बघ, विचारांकडे मागाहून वळ. ज्याला आवाज ऐकू येतात, जो दिवसचे दिवस झोपत नाही, त्याला गप्पांत अडकवू नकोस, मानसोपचारतज्ज्ञाकडे लगेच पाठव. त्याला औषध लागतं. आणि कुणी जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला तर थेट विचार, "मरून जावं असं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. विचारलं की माणूस सुटल्यासारखा बोलतो. घरात फवारणीचं औषध कुठे आहे ते विचार आणि कुणाच्या तरी ताब्यात देववून घे. टेलि-मानस मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर लिहून दे. रात्री तू तिथे नसशील, तो नंबर असतो.

आणि आता तुझं. दुपारी जेवतेस का वेळेवर? गोव्यातल्या त्या समुपदेशकांच्या कामात मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे ते एकत्र बसून एकमेकांच्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकायचे आणि कुठे काय सुधारायचं ते सांगायचे. तू तिथे एकटी आहेस. पेशंटला विचारून, नाव-गाव काढून, आठवड्याला एक केस तुझ्या जुन्या मॅडमना फोनवर सांगत जा. एकटं माणूस दमतं, आणि दमलेल्या माणसाला समोरचा प्रत्येक जण हट्टी दिसायला लागतो. तुझा वैताग मला तिथून आलेला वाटतो, बाय. तुझ्या मायेत काही कमी झालेलं नाही.

गोळ्या सोडून गेलेला पेशंट महिन्याने परत आला, तर "का सोडल्यात?" असं दरडावून विचारू नकोस. "आलात, बरं केलंत. मध्ये काय अडचण आली?" असं विचार. जो अजिबात येणार नाही त्याचा पाडा कुठला ते आशाताईकडून काढ आणि निरोप पाठव. तरीही काही जण येणार नाहीत. ते मनाला लावून जेवण सोडू नकोस.

गणपतीची रजा मिळतेय का ते आत्ताच विचारून ठेव, गाडीचं तिकीट मागाहून मिळत नाही. नाहीच मिळाली तर मी आणि तुझी आई दसऱ्यानंतर तिकडे येतो. मला तुझा दवाखाना बघायचाय, आणि तुझ्या आशाताईशी दोन घटका बोलायचंय.

पत्र पोचल्याचं कळव.

तुझी,
आत्या