न पाहिलेल्या मॅचचं मत

ताईने घरच्या ग्रुपवर लिंक टाकली होती. मुलांच्या फुटबॉल स्पर्धेतला ‘लोकप्रिय खेळाडू’ निवडायचा होता, आपल्या भाच्याला मत द्या म्हणून. त्या संध्याकाळी मी मरोळला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा भाचा नडगीवरच्या काळ्यानिळ्या सुजेवर बर्फ धरून बसला होता. तो बॅकला खेळतो.

“मी मत नाही देणार,” मी म्हणालो. “तुझी एकही मॅच मी पाहिलेली नाही. न पाहता मत देणं म्हणजे खोटी साक्ष.”

“मामा, सगळेच तसं देतात. ज्याचे नातेवाईक जास्त, तो वर.”

“मग त्या यादीत खेळ कुठे आहे? आपल्या मुंबईचा राहुल भेके घे. 2019 ची इंडियन सुपर लीगची फायनल इथेच अंधेरीला झाली. 117व्या मिनिटाला त्याने हेडर मारला आणि बंगळुरूने गोव्याला हरवलं. 2022 मध्ये रियाधला इराकच्या अल-कुवा अल-जावियावर मुंबई सिटीचा विजयी गोलही त्याचाच. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय! तुझ्या वर्गातल्या किती जणांना त्याचं नाव माहीत आहे?”

“भेके बॅक आहे ना?”

“हो.”

“मग तू त्याचे गोल का सांगतोयस? आधीची 116 मिनिटं त्याने कोणाला अडवलं, ते सांग.”

ती फायनल मी टीव्हीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली होती. हेडर सोडून मला त्याचं काहीच आठवेना. बॅकच्या कामाची बाजू घ्यायला निघालो होतो, आणि ते काम मी पाहिलंच नव्हतं.

“बरं, भारताचा सुनील छेत्री,” तोच पुढे म्हणाला. “1 जून 2018, हेच अंधेरीचं स्टेडियम. भारताचा चायनीज तैपेईवर 5-0 विजय, त्यातले तीन गोल छेत्रीचे, आणि बघायला 2,569 माणसं. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकला, शिव्या द्यायच्या तर द्या, पण मैदानात येऊन द्या. 4 तारखेच्या केनियाविरुद्धच्या मॅचची सगळी तिकिटं संपली. मैदान मोबाइलनेच भरलं ना?”

“त्याने लाइक नव्हते मागितले रे. माणसं मागितली होती.”

“तू गेला होतास?”

“केनियाच्या मॅचला. त्याची शंभरावी मॅच होती. भर पावसात भिजत पाहिली.”

“आणि तैपेईच्या?”

मरोळ नाक्याहून मेट्रोने स्टेडियमजवळचं आझादनगर पाचवं स्टेशन. गेलो नव्हतो.

तरीही माझं मन मानत नव्हतं. “उद्या स्पॉन्सरही मतांचा हाच आकडा बघून येणार. मग मुलं पास द्यायचा सोडून रीलसाठी खेळतील, त्याचं काय?”

“काही खेळतातही,” तो म्हणाला. यावर दोघांकडेही उत्तर नव्हतं.

बर्फाचं पाणी त्याच्या मोज्यात उतरत होतं. मी विचारलं, “तू कितवा आहेस?”

“सहावा.”

“आणि तू मत कोणाला दिलंस?”

“आमच्या कीपरला. परवा दोन पेनल्टी अडवल्या त्याने.”

“तो कितवा आहे?”

“शेवटून दुसरा.”