मेलेल्या आरोपीचे वकीलपत्र

२८ जुलै २०१८, शनिवार. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातले कर्मचारी बसने महाबळेश्वरला सहलीला निघाले होते. पोलादपूर सोडून गाडी आंबेनळी घाट चढू लागली आणि दरीत कोसळली. ३० जण गेले, एक वाचला. वाचला म्हणून संशयही आधी त्याच्यावरच आला. गाडी तोच चालवत होता का, त्याची नार्को चाचणी करा, अशा मागण्या झाल्या. पुढे पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो चालकावर. तो चालक त्या तिसांतलाच होता.

मृतावर खटला चालत नाही. त्याला शिक्षा होत नाही, तसा तो निर्दोषही सुटत नाही. कागदावरचा दोष तेवढा नावाला चिकटून राहतो.

हा खटला उभा राहिला असता, तर बचावाच्या वकिलाने काय विचारले असते? गाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंग कोणी तपासले? भर पावसात त्या जागी रस्ता कसा होता? कठडा होता का, आणि असला तर तो कोणी, कधी पाहिला होता? उत्तरे कदाचित चालकाच्या विरोधातच गेली असती. जाऊ देत. पण घाटाबद्दल आणि गाडीबद्दल चार गोष्टी शपथेवर नोंदल्या गेल्या असत्या. उलटतपासणी ही गुन्हेगाराला सोडवण्याची युक्ती आहे, असा आपल्याकडे पक्का समज आहे. प्रत्यक्षात फिर्यादीची बाजू खरी किती, हे कोर्टात दुसरे कोणी इतक्या चिकाटीने तपासत नाही.

महाडच्या तारिक गार्डनचे प्रकरण याच्या उलट; तिथे गुन्हा जिवंत माणसांवर होता. २४ ऑगस्ट २०२० रोजी ही पाच मजली इमारत पडून १६ जण मेले. बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेशी संबंधित अधिकारी अशा पाच जणांवर गुन्हा दाखल झाला. कलमांत ३०४ होते आणि ३०४-अ सुद्धा. पहिले सदोष मनुष्यवधाचे, अजामीनपात्र. त्याच्या दुसऱ्या भागात दहा वर्षांपर्यंत कैद. दुसरे हयगयीने झालेल्या मृत्यूचे, जामीनपात्र, तेव्हा कमाल दोन वर्षांचे. आपल्या कृत्यातून माणसे मरू शकतात याची आरोपीला जाण होती का, यावर सगळे फिरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच कलमे १०५ आणि १०६ झाली आणि हयगयीची शिक्षा पाच वर्षांवर गेली. फरक तरीही मोठाच आहे.

लोकांचा संताप मोठा असला की मोठे कलम लागते. ते टिकते की नाही, हे मात्र पुराव्यावर. भोपाळ वायुकांडात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ३०४ खाली आणून ३०४-अ केले. उलट, मुंबईच्या कार्टर रोडवर २००६ साली पदपथावर झोपलेल्या सात मजुरांना चिरडणाऱ्या मोटारचालकाला उच्च न्यायालयाने ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली दोषी धरले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. दोन्हीकडे आरोपींना वकील होते. म्हणून निकाल पटो वा न पटो, युक्तिवादाला युक्तिवाद भिडला होता.

एखाद्या आरोपीचे वकीलपत्र घ्यायचे नाही, असे ठराव बार असोसिएशन अधूनमधून करतात. असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. २०१२ मध्ये तर मुंबई हल्ल्यातल्या कसाबच्याच अपिलात ते म्हणाले, की आरोपीला प्रथम हजर केल्यावर त्याचा वकिलाचा हक्क त्याला सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. महाड-पोलादपूरच्या वाड्यांवरून मुंबईला कामाला गेलेल्या किती घरांना हे ठाऊक असेल? खरे तर आपली बाजू कोर्टात लढवणे महाडला नवे नाही. चवदार तळ्याच्या दिवाणी दाव्यात १९२७ साली खुद्द डॉ. आंबेडकर प्रतिवादी होते, आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने लागेपर्यंत तो दावा लढला गेला.

आंबेनळीच्या चालकाला मात्र कोणतीच वाट नव्हती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९४ नुसार कैदेची शिक्षा झालेला अपीलकर्ता मेला, तर त्याचे जवळचे नातलग ३० दिवसांत परवानगी मागून अपील पुढे चालवू शकत. दोषी ठरलेल्याच्या घरच्यांना ही सोय, आणि ज्याच्यावर खटलाच चालला नाही त्याच्या घरच्यांना नाही. मृत आरोपीची फाइल बंद करण्याआधी त्याच्या वारसांना नोटीस द्यावी आणि वकिलामार्फत म्हणणे मांडू द्यावे, एवढी दुरुस्ती कायद्यात व्हायलाच हवी.