चौकशीच्या खोलीत खेळाडूच्या बाजूनं कोण?

ठाणे जिल्ह्यातल्या म्हसा, मुरबाड, शहापूरकडच्या क्रिकेटवेड्या पोरांना पृथ्वी शॉ परका नाही. तो विरारचा, आणि 2014मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत विरार ठाणे जिल्ह्यातच होतं. फेब्रुवारी 2019मध्ये इंदूरला घेतलेल्या त्याच्या लघवीच्या नमुन्यात टर्ब्युटलिन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. खोकल्याच्या औषधांत ते असतं. बंदी जाहीर झाली 30 जुलैला, आठ महिन्यांची, पण 16 मार्चपासून मोजलेली. मधल्या काळात तो आयपीएल खेळून मोकळा झाला होता. आरोप ठेवणारं आणि शिक्षा देणारं मंडळ एकच, बीसीसीआय. शिक्षा सौम्य झाली का, यावर पुष्कळ वाद झाला. एकोणीस वर्षांच्या त्या मुलाच्या बाजूनं उभी राहील अशी खेळाडूंची संघटना का नव्हती, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये अशी संघटना होती, आणि भलतीच बळकट होती. संशय नसताना कुणाच्या शरीराची झडती घेऊ नये, ही तिची जुनी भूमिका. 2002मध्ये ती पहिल्यांदा नमली: 2003ची उत्तेजकांची चाचणी निनावी राहील आणि पाच टक्क्यांहून जास्त खेळाडू दोषी निघाले तरच पुढे शिक्षा सुरू होईल, या अटीवर. मर्यादा ओलांडली गेली. पण 2004मध्ये सरकारी तपास अधिकाऱ्यांनी ते निकालच जप्त केले. शब्द देऊन सहकार्य केलं आणि शब्दच मोडला गेला! म्हणून 2007मध्ये जॉर्ज मिचेल यांनी चालवलेल्या उत्तेजकांच्या चौकशीला संघटनेनं जवळजवळ पाठ फिरवली. मला तो पवित्रा चुकीचा वाटतो, कारण स्वच्छ खेळणारे सभासदही त्यामुळे संशयाच्या छायेत राहिले. पण त्यामागची जखम खरी होती.

संशयाचं हे ओझं अखेर खेळाडूंनीच उतरवलं. 2013च्या उत्तेजकांच्या बायोजेनेसिस प्रकरणात बारा खेळाडूंनी 50 सामन्यांची बंदी अपिलाशिवाय स्वीकारली. अ‍ॅलेक्स रॉड्रिग्जनं अपील केलं आणि त्याची 211 सामन्यांची बंदी लवादानं 162वर आणली. पुढच्या वर्षी पहिल्या गुन्ह्याची शिक्षा 50वरून 80 सामन्यांवर गेली, तीही संघटनेच्या संमतीनं. ज्या नियमाच्या घडणीत आपला हात आहे, त्याच्या चौकशीला माणूस सामोरा जातो, असं मला यातून ठामपणे वाटतं.

आपल्याकडे 2009मध्ये आपला ठावठिकाणा आगाऊ कळवण्याच्या वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या अटीला भारतीय क्रिकेटपटूंनी विरोध केला, सुरक्षेचं आणि खासगीपणाचं कारण देऊन. कारणं रास्त होती. पण खेळाडूंच्या वतीनं बोलत होतं मंडळच, म्हणजे त्यांचा मालक. त्यामुळे नकारापुढे जाऊन पर्यायी नियम मांडण्याची पायरी आलीच नाही. ऑगस्ट 2019मध्ये बीसीसीआय नाडा या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या चाचणीखाली आली, तीही मंडळ आणि क्रीडा मंत्रालय यांच्या बोलण्यातून. त्याच वर्षी भारतीय क्रिकेटपटू संघटना स्थापन झाली. ती निवृत्त खेळाडूंसाठी आहे. ज्यांचे नमुने घेतले जातात, त्यांच्यासाठी नाही.