निभावले म्हणजे काय?

आमच्याकडे एक जुनी जीप आहे. महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी आपल्या देशात आरंभिली. त्याच कुळातली ही. बेळगावहून चोरला घाटाने गोव्यात उतरणे हा तिचा नित्याचा प्रवास. पावसाळ्याच्या तोंडावर मिस्त्री तिच्याखाली शिरला आणि म्हणाला, "साहेब, स्टॉपरची रबरे संपली. पण गाडी चालते आहे, राहू द्या."

चासीच्या खालच्या अंगास, आसाच्या बरोबर वर बसवलेला हा मूठभर रबराचा ठोकळा. सपाट रस्त्यावर त्याला काहीच काम नसते. भरलेली गाडी आदळून पाटे पुरते दबले, की आस वर येऊन त्याला भिडतो, आणि तो थोडाथोडा चेपत जाऊन लोखंडाला लोखंडावर आपटू देत नाही. आमचे ठोकळे वयाने कडक होऊन तडकले होते. एक तर जागेवर नव्हताच. तो केव्हा पडला, कोणास ठाऊक!

त्या अवस्थेत आम्ही शेजारच्या मंडळींना कितीदा देवदर्शनास नेले होते. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. मग आमचे काही चुकले का? लोकव्यवहार म्हणतो, निभावले ना? मग झाले. पण समजा, आमच्याइतक्याच हलगर्जी दुसऱ्या मालकाच्या गाडीची चासी घाटात तडकली. त्याला आपण बेजबाबदार म्हणू. दोघांच्या आचरणात तसूभरही फरक नाही. फरक एका दगडाचा, जो त्याच्या चाकाखाली आला आणि आमच्या आला नाही. त्या दगडाच्या गैरहजेरीचे श्रेय आम्ही कोणत्या तोंडाने घ्यावे?

माहीत नव्हते तर दोष कसला, असे कोणी म्हणेल. हे उत्तर आम्हाला फार सोयीचे आहे, म्हणूनच त्याची शंका येते. वाकून पाहिले असते तर दिसले असते. आम्ही वाकलो नाही. मिस्त्रीने सांगितल्यावर तर तीही पळवाट बुजली.

उंच आणि कडक ठोकळे बसवा, असाही सल्ला मिळाला. परंतु उंची वाढली की आसाला वर यायला जागा कमी उरते, आणि रबर कडक असले की धक्का सरळ चासीत उतरतो. ती सुरक्षितता नव्हे, आपल्याच भयाची समजूत. आम्ही मूळ मापाचेच घेतले, जोडीने. चासीला टेकू देऊन आस खाली सोडला. गंजलेल्या बोल्टांना रात्रभर तेल पाजले, तरी एक तुटलाच. त्यात अर्धा दिवस गेला.

गाडी बाहेर काढली तेव्हा चालण्यात काडीचाही फरक नव्हता. ज्यांना आम्ही इतके दिवस तसेच नेले, त्यांना हे सांगावे की नाही, एवढे मात्र अजून ठरलेले नाही. येत्या रविवारी ती मंडळी पुन्हा गाडीत बसणार आहेत.