कठडा येण्यापूर्वी

जुन्या करारातील एक आज्ञा मराठवाड्यातील वाचकाला फारशी समजावून सांगावी लागत नाही. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा घाल, नाहीतर कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा अनुवादाच्या २२ व्या अध्यायातील तिचा आशय. सेलूच्या जुन्या वस्तीत ज्यांनी उन्हाळ्याच्या रात्री माळवदावर काढल्या, त्यांना ही काळजी ठाऊक आहे. घरधन्याने येथे कोणालाही ढकललेले नाही. केवळ कठडा घातलेला नाही. तरीही शास्त्र त्याला मोकळे सोडत नाही.

परंतु कठडा बांधण्यासाठीच जो गवंडी उघड्या काठावर उभा राहतो, त्याचे काय?

नकाशातील इमारत नेहमी पूर्ण झालेली असते. परांची, लिफ्टचा उघडा खड्डा, ओले काँक्रीट पेलणारे सेंट्रिंग यांना तेथे क्वचितच जागा मिळते. आणि मजुराचे सारे दिवस तर या अर्धवट अवस्थेतच जातात. आपल्या जालन्यावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचे काम शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे चालू असताना, १ ऑगस्ट २०२३ रोजी, मध्यरात्रीनंतर गर्डर बसविणारे अजस्र यंत्र कोसळले व २० जण मृत्युमुखी पडले. तो पूलही अर्धवटच होता.

अपघातानंतर नेहमी ऐकू येते : मजुराने पट्टा बांधला नव्हता. मान्य, पण पट्टा अडकवायचा कोठे? तुळईत एक कडी सोडण्याचे ज्याने आरेखनाच्या वेळी मनात आणले नाही, त्याने मजुराच्या निष्काळजीपणावर बोलावे, हे मला न्यायाचे वाटत नाही. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांनी वास्तुविशारद, प्रकल्प अभियंता व आरेखक यांच्यावर नियोजनाच्याच टप्प्यावर कामगारांच्या सुरक्षिततेचा विचार करण्याचे कर्तव्य घातले होते. २०२० च्या श्रमसंहितेतही ते आहे.

कंत्राटदाराकडे बोट दाखवून व्यवस्थापकही सुटत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक विश्वपत्रात ‘अप्रत्यक्ष मालक’ ही कल्पना मांडली. मजुरी न देताही जो कामाच्या अटी ठरवितो, तोही उत्तरदायी. पावसाळ्यापूर्वी स्लॅब पडलाच पाहिजे, असे बजावणारा याच वर्गात येतो. आपल्या धर्मग्रामांच्या बांधकाम समित्याही येतात. सर्वांत कमी रकमेची निविदा उघडल्यावर, तीत परांचीसाठी किती रक्कम धरली आहे, हे त्यांच्यापैकी किती जण विचारतात?