रत्नाचा उजेड, दिव्याचा उजेड

बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि निम्हान्समधल्या संशोधकांनी बळ्ळारीचे डॉक्टर आणि ब्रिटनमधले सहकारी यांच्याबरोबर केलेला जपानी मेंदूज्वराचा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. भातखाचरांत वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमार्फत हा विषाणू डुकरं आणि पाणपक्ष्यांकडून माणसापर्यंत येतो. लागण झालेल्या साधारण 250 जणांपैकी एकालाच तो गंभीर आजारी पाडतो. पण एकदा मेंदूत शिरला की जीव वाचलेल्या मुलाचंही बोलणं-चालणं हिरावून नेऊ शकतो. बाकीच्या बहुतेकांना लागण झाल्याचा पत्ताही लागत नाही. त्या बाकीच्यांच्या शरीराने असं काय ओळखलं होतं?

ही ओळख पटवणाऱ्या, प्रतिकारशक्तीच्या टी-पेशीला अखंड विषाणू कधीच दिसत नाही. लागण झालेली पेशी विषाणूच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते आणि साधारण नऊ अमिनो आम्लांचा एखादा तुकडा एचएलए नावाच्या स्वतःच्या रेणूच्या ओंजळीत धरून पृष्ठभागावर मांडते. मारक टी-पेशी तुकडा आणि ओंजळ मिळूनच पाहते. रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी 1974 मध्ये कॅनबेराला उंदरांवर हे दाखवलं: ओंजळ परक्या वंशाची असली, तर तोच विषाणू टी-पेशीला ओळखू येत नाही. परका दिसतो तो आपल्या हातात असतानाच. फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी प्रतिकारशक्तीचा सगळा विचार ‘स्व’ आणि ‘स्वेतर’ या जोडीवर उभा केला होता. ती जोडी इथे मोडत नाही, पण दोहोंमधली रेघ वाटली होती तितकी सरळ राहत नाही.

बंगळुरूच्या अभ्यासात पुढचं आश्चर्य होतं. विषाणूच्या सगळ्या प्रथिनांचे तुकडे प्रयोगशाळेत तयार करून ते लोकांच्या रक्तातल्या टी-पेशींसमोर ठेवले गेले. लागण होऊनही निरोगी राहिलेल्यांच्या पेशी मुख्यतः विषाणूच्या आतल्या कामकाजाची प्रथिनं ओळखत होत्या, आणि त्याच पेशी डेंग्यूच्या मिळत्याजुळत्या तुकड्यांनाही प्रतिसाद देत होत्या. मेंदूज्वरातून उठलेल्या रुग्णांचा डेंग्यूशी संपर्क तितकाच आलेला होता. तरी त्यांच्यात ही सरमिसळ कमी होती. यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण एकाला दुसरा समजणाऱ्या पेशी निरोगी माणसांत अधिक सापडाव्यात, यावर थांबून विचार करायला हवा. ही चूक म्हणायची की ज्ञान?

भारतीय तत्त्वज्ञानाला हा प्रश्न परका नाही. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने ‘प्रमाणवार्तिका’त दोन माणसांचा दाखला दिला आहे. एक रत्नाची प्रभा पाहून तिलाच रत्न समजतो, दुसरा दिव्याच्या प्रभेला. दोघेही चुकलेलेच, पण धावत गेल्यावर रत्न पहिल्यालाच मिळतं. विद्यारण्यांच्या नावावर असलेल्या ‘पंचदशी’ने, म्हणजे शृंगेरीच्या परंपरेने, हाच दाखला ‘ध्यानदीप’ प्रकरणाच्या आरंभी घेतला आणि त्याला संवादी भ्रम म्हटलं. तिथे विषय उपासनेचा आहे: ब्रह्माचा साक्षात्कार झालेला नसताना केलेली उपासनाही साधकाला मुक्तीपर्यंत नेऊ शकते का? ग्रंथाचं उत्तर होकारार्थी आहे. सगुणाच्या पायरीवरून निर्गुणाकडे जाणाऱ्या वारकरी मनाला हे पटायला वेळ लागत नाही.

टी-पेशीला मात्र एवढ्यावर सोडता येत नाही. दाखल्यातला माणूस शेवटी रत्नापाशी पोचतो आणि आपला समज दुरुस्त करतो. पेशी तुकड्यापलीकडे कधी जातच नाही. दुरुस्ती होते ती पेशींच्या समुदायात: ज्यांची पकड बसते त्या वाढतात, इतर मागे पडतात. तेव्हा इथे कोणी एक जाणणारा दाखवता येत नाही, आणि तरीही जाणणं घडतं. ज्ञात्यावाचून ज्ञान नाही, असं ठामपणे मानणाऱ्यांनी या पेशींचा हिशेब द्यायला हवा, असं प्रस्तुत लेखकाला वाटतं.

शिवाय प्रभा रत्नाची की दिव्याची, हे त्या क्षणी कळत नाही. थॉमस फ्रान्सिस यांनी 1960 मध्ये इन्फ्लुएन्झाबद्दल लिहिताना थेट ख्रिस्ती धर्मशास्त्रातली आदिपापाची संज्ञा उचलली: पहिल्या भेटीचा ठसा पुढच्या प्रत्येक ओळखीवर उमटतो. 2003 मध्ये थायलंडमधल्या डेंग्यूग्रस्त मुलांत तसंच दिसलं. अनेक टी-पेशींची पकड आताच्या विषाणूवर ढिली आणि आधी भेटलेल्या प्रकारावर घट्ट होती. उलट श्रीलंकेतल्या रक्तनमुन्यांवरच्या 2013 च्या अभ्यासाने टी-पेशींचा प्रतिसाद संरक्षकच असल्याकडे बोट दाखवलं.

हा वाद पोथीतला नाही. फिलिपिन्समध्ये शाळकरी मुलांना दिलेल्या पहिल्या डेंग्यू लशीत बाहेरची प्रथिनं डेंग्यूची, पण आतली पिवळ्या तापाच्या विषाणूची होती. ज्यांना आधी डेंग्यू झालाच नव्हता, त्यांना लशीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढतो असं दिसल्यावर 2017 च्या अखेरीस तिथली मोहीम थांबवावी लागली. भारतात ऑगस्ट 2024 मध्ये रोहतकला ज्या लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली, तिच्यात आतली प्रथिनंही डेंग्यूचीच आहेत. दहा हजारांहून अधिक प्रौढांवर होणाऱ्या या चाचणीत प्रत्येकावर दोन वर्षं लक्ष ठेवायचं ठरलं आहे, कारण आज घडवलेली ओळख फळली की नाही, हे पुढचा डास चावल्याशिवाय ठरत नाही.