मडके कच्चे आहे, हे सांगण्यात लाज कसली?

॥ रामकृष्ण हरी ॥

गोरोबाकाकांच्या घरची मडक्यांची परीक्षा आपण कीर्तनात अनेक वेळा ऐकली आहे. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी काकांच्या हाती थापटणे दिले आणि म्हणाल्या, काका, यांतले भाजलेले मडके कोणते आणि कच्चे कोणते ते पाहा. काका एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले. सगळे स्वस्थ बसले. नामदेवराय तेवढे रागावले, आणि काकांनी निकाल दिला की हे मडके कच्चे आहे.

नामदेवराय रडत पंढरीस आले. ज्या देवाला त्यांनी स्वतःच्या हाताने जेवू घातले होते, त्याच्याजवळ तक्रार केली. आता देवाच्या मनात असते, तर एका क्षणात त्यांचे कच्चेपण जाते. पण देव म्हणाला, काका म्हणाले ते खरे आहे. तू विसोबा खेचरांकडे जा. आणि नामदेवराय औंढ्या नागनाथास गेले.

ही कथा सांगताना आपण गुरूची थोरवी सांगतो, ते योग्यच आहे. पण यात आणखी एक गोष्ट आहे. देवाने भक्ताला दूर लोटले नाही. देवाने त्याला माणसाकडे पाठविले. म्हणून माणसाकडे मदत मागायला जाणे म्हणजे देवावरचा विश्वास उडणे नव्हे. हा अर्थ मला फार उशिरा कळला, आणि तो ज्यांच्यामुळे कळला त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे. त्यांची परवानगी आहे. नाव मात्र सांगणार नाही.

आमच्या दिंडीत एक माळकरी आहेत. शेतकरी, मनाचे निर्मळ, तीस वर्षांत एकादशी चुकली नाही. दारू नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा बेताचा. एके साली खताचे पोते उतरविताना त्यांच्या कमरेत कळ आली. तालुक्याच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांची गोळी लिहून दिली. ट्रॅमाडॉल तिचे नाव. गोळीने कळ थांबली, झोप लागली, आणि मनालाही कशी उभारी आली. पंधरा दिवस संपले, गोळी मात्र संपली नाही. जुन्याच चिठ्ठीवर दुकानदार देत राहिला. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या. कमरेची कळ केव्हाच मागे पडली होती. आता गोळी घेतली नाही तर सगळे अंगच दुखू लागे.

दोन वर्षे हे चालले. पाकिटे कोठे लपवीत, माहीत आहे? हरिपाठाच्या पिशवीत. कारण त्या पिशवीला घरात कोणी हात लावीत नसे.

पुढे आषाढी वारीत दशमीच्या दिवशी त्यांनी मला एकीकडे बोलावले आणि खाली मान घालून सगळे सांगितले. मी काय केले? त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "माउली, उद्या एकादशी. चंद्रभागेत स्नान करा, गोळी सोडल्याची शपथ घ्या, नाम वाढवा. सगळं सुटेल." त्यांनी तसेच केले. एकादशीच्या रात्री मठात भजन रंगले होते आणि हे कोपऱ्यात पडून होते. जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगाला घाम, पोटात कळा आणि जुलाब, पाय तर जागच्या जागी झटके देत होते. आम्हांला वाटले, ताप आहे. त्यांना काय वाटले, ते त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितले. "महाराज, मला वाटलं, देवानं मला टाकलं."

द्वादशीला त्यांनी पुन्हा गोळी घेतली, आणि त्यानंतर माझ्याकडे यायचे सोडले. शपथ मोडलेला माणूस महाराजांसमोर कसा उभा राहील? त्या हिवाळ्यात एके दिवशी अंगणातच त्यांना झटका आला. दातखीळ बसली, शुद्ध गेली. त्यांच्या मंडळींनी जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. ही गोळी फार झाली की असे झटके येतात, हे त्या घराला तेथे प्रथम कळले. मी भेटायला गेलो, तेव्हा ती माउली मला म्हणाली, "महाराज, तुमचं नाम खरं आहे हो. पण त्या दिवशी तुम्ही यांना दवाखान्यात का नाही धाडलंत?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. थापटणे माझ्या डोक्यावर बसले होते, आणि मडके कच्चे निघाले होते.

त्यानंतर मी डॉक्टरांजवळ बसून हा विषय समजावून घेतला. तो आपल्या भाषेत सांगतो. आपल्या शरीरात वेदना शमविणारे घरचे रस आहेत. ट्रॅमाडॉल अफूपासून काढलेली नाही, कारखान्यात बनविलेली आहे. पण ती मेंदूवर अफूच्याच वाटेने काम करते. ती रोज बाहेरून येऊ लागली की घरची व्यवस्था मंदावते. गावात रोज टँकर येऊ लागला, तर विहिरीतला गाळ कोण काढतो? झरे बुजत जातात. मग एक दिवस टँकर एकाएकी बंद केला, तर गाव तहानेने तडफडेल. त्या तडफडण्याला आपण गावाचे पाप म्हणू काय? गाळ काढायला वेळ लागतो, माणसे लागतात, आणि तोवर टँकर हळूहळू कमी करावा लागतो.

उपचार म्हणजे हेच. डॉक्टर गोळी टप्प्याटप्प्याने उतरवितात. कोणाला काही काळ जिभेखाली ठेवावयाचे दुसरे औषध देतात, त्याचे नाव ब्युप्रेनॉर्फिन. त्याने तडफड थांबते आणि माणूस कामाला लागू शकतो. हे म्हणजे एक व्यसन सोडून दुसरे धरणे, असे कोणी म्हटले तर ऐकू नका. ते देखरेखीखालचे औषध आहे. बरोबर समुपदेशन असते, आणि मूळ दुखण्यावर व्यायाम व शेक असतो. कारण कमरेची कळ तशीच राहिली, तर माणूस पुन्हा गोळीकडे वळणारच.

कोणी म्हणेल, असा एखादाच असेल. तसे नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याने २०१९ साली देशभरची पाहणी प्रसिद्ध केली. तीत १० ते ७५ वयाच्या शंभर माणसांमागे जवळजवळ एक जण अफूच्या जातीची औषधे गरजेबाहेर वापरणारा आढळला. ट्रॅमाडॉलचा गैरवापर इतका वाढला होता की एप्रिल २०१८ मध्ये सरकारने ती १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणली. म्हणजे हे दुखणे पांढरपेशांचे नाही, शहराचे नाही, आणि माळ न घालणाऱ्यांचेही नाही.

उलट माळकऱ्याला यात एक जास्तीचा धोका आहे. दारुड्याला निदान ठाऊक असते की आपण दारू पितो. माळकरी म्हणतो, मी कशालाच शिवत नाही, ही तर डॉक्टरांची गोळी. व्रताचा अभिमान डोळ्यांवर येतो आणि पायाखालचा खड्डा दिसत नाही. आणि खड्ड्यात पडल्यावर तोच अभिमान हाक मारू देत नाही. लोक काय म्हणतील? माळ उतरवा म्हणतील! सज्जनहो, गोळीची सवय लागली हा शरीराचा धर्म झाला. ती हरिपाठाच्या पिशवीत लपवावी लागली, हे मात्र आपण सगळ्यांनी मिळून केले. त्या माणसाला बोलता येईल अशी जागा आपल्या दिंडीत नव्हती.

आता व्यवहाराचे सांगतो. असे दुखणे तुम्हांला असेल, तर पहिल्याने एका माणसाला सांगा. बायकोला, भावाला, विणेकऱ्याला. दुसरे, गोळी मनाने एकदम बंद करू नका. जेवढी पाकिटे असतील तेवढी घेऊन डॉक्टरांसमोर ठेवा आणि रोजचा खरा आकडा सांगा. तिसरे, या गोळीबरोबर दारू किंवा झोपेची गोळी कदापि घेऊ नका. आणि काही दिवस गोळी सुटल्यावर मोह झाला, तर पूर्वीची मात्रा घेऊ नका. शरीर आता तेवढी सोसत नाही, माणसे याच वेळी दगावतात. श्वास मंद झाला, ओठ निळे पडले, हाक मारून जाग येईना, तर १०८ ला फोन करून गाडी बोलवा.

कोठे जावे? जिल्हा रुग्णालयात मनोविकाराच्या डॉक्टरांना भेटा. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा फुकट फोन आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे. पोलिसांचे भय धरू नका. जो आपण होऊन सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचारासाठी जातो, त्याला थोड्याशा मालापुरते खटल्यापासून संरक्षण याच कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये आहे. डॉक्टरही तुमची गोष्ट गावभर करणार नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती गुप्त ठेवण्याचे बंधन त्यांच्यावर आहे.

घरच्यांना एवढेच सांगणे की टोमणे मारू नका. "माळ घालून हे धंदे" हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते, तेथे पाकीट आणखी खोल जाते.

दिंडीलाही एक सांगणे आहे. दिवे घाट चढला की संध्याकाळी तळावर गोळ्यांची देवघेव सुरू होते. "माझी घ्या, मला गुण आला." ही सेवा नव्हे. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा रोज घेतली तर पोट आणि मूत्रपिंड बिघडविते. पायांना तेल लावा, गरम पाणी द्या. गोळी मात्र ज्याची त्यालाच राहू द्या.

पण याचा उलटा अर्थही काढू नका. कर्करोगाने तळमळणाऱ्याला डॉक्टरांनी मॉर्फीन दिले, तर "सवय लागेल" म्हणून त्याचा हात धरू नका. त्याची वेदना शमविणे हा धर्मच आहे, आणि त्यासाठीच २०१४ साली कायदा सैल केला गेला. औषध वाईट नाही. वाईट आहे ते एकट्याने, लपून, कोणालाही न विचारता घेत राहणे.

आमच्या त्या माळकऱ्यांचे पुढे काय झाले? गोळी उतरवायला काही महिने लागले. मध्ये एकदा पाऊल घसरले. या वेळी ते लपले नाहीत. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. कमर अजून दुखते. सासवडपर्यंत चालतात, पुढे गरज पडेल तेथे दिंडीच्या ट्रकमध्ये बसतात, आणि त्याची त्यांना लाज वाटत नाही. गेल्या वारीत एक तरुण मुलगा त्यांच्याशेजारी येऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "काका, तुमच्याशी एक बोलायचं होतं." त्यांनी टाळ खाली ठेवला आणि त्याच्याकडे तोंड केले.

मी लांबून पाहत होतो. नामाचा महिमा मी आजवर पुष्कळ सांगितला, पुढेही सांगेन. पण आता सांगताना एवढे जोडतो की नाम घेता घेता उठा आणि जेथे औषध आहे तेथे जा. नामदेवरायही रडून झाल्यावर पंढरीत बसून राहिले नाहीत. उठले, आणि औंढ्याची वाट धरली.

॥ रामकृष्ण हरी ॥